डॉर्नियर: तळ्याकाठची विमान कंपनी आणि मागे राहिलेलं नाव

तळ्याकाठी

नमस्कार मंडळी,

"तटरक्षक दलाच्या डॉर्नियर विमानाने शोध घेतला" ही ओळ आपण सगळ्यांनी पेपरात कधी ना कधी वाचलीय. मलाही डॉर्नियर म्हणजे कुठलंतरी छोटं विमान एवढंच माहीत होतं. गेली चार वर्षं नोकरीमुळे दक्षिण जर्मनीत बोडेनझे (लेक कॉन्स्टन्स) तळ्याच्या बाजूला राहतोय, आणि इथे आल्यावर कळलं की हे आधी एका माणसाचं नाव आहे, मग एका घराण्याचं, मग कारखान्याचं आणि शेवटी विमानाचं. मराठीत यावर सलग कुठे वाचायला मिळालं नाही म्हणून हा धागा काढतोय. थोडा लांबेल, पण जमेल तसं सगळं सांगतो.

क्लॉड डॉर्नियर, जन्म १८८४, बव्हेरियातलं केम्प्टेन गाव. वडील फ्रेंच, आई जर्मन, म्हणून ते आडनाव जर्मन वाटत नाही. म्युनिकला इंजिनिअरिंग करून १९१० मध्ये तो फ्रिडरिक्सहाफेनला काउंट झेपेलिनच्या कंपनीत लागला. झेपेलिन म्हणजे ती प्रचंड हवाई जहाजं, आतून सगळा धातूचा सांगाडा. डॉर्नियरचं काम त्या सांगाड्याच्या मजबुतीचं गणित करणं. म्हाताऱ्या काउंटच्या नजरेत हा पोरगा भरला आणि १९१४ मध्ये त्याला स्वतंत्र विभाग काढून दिला, लिंडाऊजवळ तळ्याच्या काठावर.

बाकीचे लोक तेव्हा लाकूड, तारा आणि कापड वापरून विमानं बांधत होते, आणि हा पहिल्या दिवसापासून धातूच्या मागे. स्टील आणि ड्युरालुमिन, म्हणजे ॲल्युमिनियमचा कडक मिश्रधातू. पहिलंच विमान केलं ते राक्षसी आकाराची उडती बोट, आरएस-१. ते उडालंच नाही, डिसेंबर १९१५ च्या वादळात तळ्यावरच मोडून पडलं. त्याने लगेच दुसरं घेतलं, मग तिसरं, मग चौथं.

१९१८ मध्ये त्याने डी-१ नावाचं लढाऊ विमान केलं, धातूचं, वरचा पंख तारांच्या आधाराशिवाय. ३ जुलै १९१८ ला चाचणीत आधी गोअरिंगने ते उडवलं, हो तोच, पुढे हिटलरचा हवाईदल प्रमुख झालेला हेरमान गोअरिंग, आणि उतरला. त्याच्यानंतर 'रेड बॅरन' रिश्टहोफेनच्या लढाऊ विमानांच्या तुकडीचा त्यावेळचा प्रमुख विल्हेल्म राइनहार्ड बसला, सूर मारताना वरचा पंख तुटला आणि तो गेला. तुकडीची प्रमुखपदाची जागा मग गोअरिंगकडे आली. हे वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नव्हतो.

युद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहात जर्मनीवर विमानं बांधायची बंधनं आली. डॉर्नियरने एक चांगली प्रवासी उडती बोट बांधली होती, ती दोस्त राष्ट्रांच्या हुकमावरून १९२० मध्ये कीलजवळ समुद्रात बुडवावी लागली. मग त्याने काम इटलीत नेलं, पिसाजवळ मरिना दि पिसाला. तिथे ६ नोव्हेंबर १९२२ ला उडाली 'वाल', म्हणजे देवमासा. माझ्या मते कंपनीचं सगळ्यात महत्त्वाचं विमान हेच. त्यांचं प्रसिद्ध अवाढव्य विमान डो एक्स नाही.

वालची रचना बघा. उडत्या बोटीला पाण्यात कलंडू नये म्हणून पंखांच्या टोकाखाली छोटे तरंगते लावायची पद्धत होती. डॉर्नियरने त्याऐवजी बोटीच्या पोटालाच पाण्याच्या पातळीवर दोन्ही बाजूला जाड आखूड पंख लावले. त्यांच्यावर बोट स्थिर राहते, माणसाला वर उभं राहता येतं, धक्क्याला लागताना पायरीसारखा उपयोग होतो. आणि दोन इंजिनं पंखाच्या वर मधोमध, पाठीला पाठ लावून, एक ओढणारं एक ढकलणारं. एक बंद पडलं तरी विमान एका बाजूला खेचलं जात नाही. साधी गोष्ट आहे पण नीट विचार केलेली.

मे १९२५ मध्ये नॉर्वेचा ध्रुवसंशोधक अमुंडसेन दोन वाल घेऊन उत्तर ध्रुवाकडे निघाला, एन-२४ आणि एन-२५. ८७ अंश ४४ मिनिटांवर बर्फात उतरावं लागलं, एन-२४ निकामी झालं. सहा माणसं, खाणं मोजून, आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ ते बर्फ फोडून, तुडवून, सपाट करून धावपट्टी बनवत राहिले. बनवली की बर्फ सरकून भेगाळायचा, पुन्हा दुसरीकडे. १५ जूनला सहाच्या सहा जण एकट्या एन-२५ मध्ये बसून उडाले आणि स्वालबार्डपर्यंत परत आले. ज्या बर्फावर ते विमान घासत आपटत धावलं असेल त्याला तो धातूचा तळ टिकला म्हणून ही माणसं जिवंत राहिली. लाकडी तळ असता तर काय झालं असतं ते सांगायला नको.

हेच एन-२५ पुढे फॉन ग्रोनाऊ नावाच्या वैमानिकाने १९३० मध्ये अटलांटिक पार करून न्यूयॉर्कला नेलं. पाच वर्षं जुनं, ध्रुवाजवळून आलेलं विमान! स्पेनच्या रामोन फ्रँकोने (हुकूमशहा फ्रँकोचा भाऊ) १९२६ मध्ये वालच घेऊन ब्युनोस आयर्स गाठलं होतं. आणि १९३४ पासून लुफ्तहान्साने दक्षिण अटलांटिकवर नियमित टपाल सुरू केली ती वालवरच. वाटेत समुद्रात एक जहाज उभं, विमान त्याच्याजवळ पाण्यावर उतरायचं, क्रेनने वर घ्यायचं, इंधन भरायचं आणि कॅटपल्टवरून (विमान जोरात पुढे फेकणारं यंत्र) पुन्हा हवेत सोडायचं.

दमलो. डो एक्स आणि पुढचं प्रतिसादात लिहितो.

अनघा_कोथरूड

किती सुंदर लिहिलंय दादा. अमुंडसेनचा भाग वाचताना अंगावर काटा आला. एन-२५ आता कुठे आहे? बघायला मिळतं का?

तळ्याकाठी

धन्यवाद अनघाताई. दुर्दैवाने नाही. ते म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये ठेवलं होतं, १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. इथे फ्रिडरिक्सहाफेनच्या डॉर्नियर म्युझियममध्ये त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. तिच्या शेजारी उभं राहिलं की पहिल्यांदा जाणवतं ते म्हणजे वैमानिकाची जागा उघडी आहे. काच आहे ती फक्त समोर छातीपर्यंत. ध्रुवाकडे, उघड्यावर बसून.

यंत्रवेडा

छान धागा, पण डो एक्सला असं एका वाक्यात बाजूला काढू नका. १९२९ मध्ये बारा इंजिनांचं विमान! पंखांचा विस्तार ४८ मीटर. २१ ऑक्टोबर १९२९ ला त्यात १६९ माणसं बसून उडाली, त्यातली नऊ तर चोरून चढलेली. एवढी माणसं एका विमानात पुढे जवळपास वीस वर्षं कोणी नेली नाहीत. जगात कोणी स्वप्नसुद्धा बघत नव्हतं तेव्हा या माणसाने ते बांधून उडवलं, त्याला महत्त्वाचं नाही म्हणणं मला पटत नाही.

तळ्याकाठी

यंत्रवेडा, मोठं होतं यात वादच नाही. तळ्याच्या पलीकडच्या काठावर, स्वित्झर्लंडमधल्या आल्टेनराईनला ते बांधलं, कारण जर्मनीत बंधनं होती. बारा इंजिनं सांभाळायला वैमानिकांच्या मागे वेगळी खोली, तिथे फ्लाइट इंजिनिअर सगळे मीटर बघत बसायचा आणि वैमानिक त्याला जहाजाच्या कप्तानासारखे हुकूम द्यायचे.

पण पुढे काय झालं ते बघा ना. मागची सहा इंजिनं तापायची, हवा नीट मिळायची नाही, म्हणून विमान वर चढेना. सगळी इंजिनं बदलून अमेरिकन कर्टिस बसवली. नोव्हेंबर १९३० मध्ये न्यूयॉर्कला निघालं. लिस्बनला पंखाला आग लागली, सहा आठवडे दुरुस्ती. कॅनरी बेटांवर उड्डाण घेताना बोटीचा तळ दुखावला, पुन्हा काही महिने. मग आफ्रिका, ब्राझील, असं करत ऑगस्ट १९३१ च्या शेवटी न्यूयॉर्क. जवळजवळ दहा महिने. जहाजाने आठवड्याभरात माणूस पोचायचा. आणि तोवर मंदी आलेली, घेणार कोण. एकूण तीनच बांधली, दोन इटलीने घेतली. जर्मनीतलं बर्लिनच्या म्युझियममध्ये १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं.

माझं म्हणणं एवढंच आहे की या कंपनीच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसतं. ज्या विमानावर जीव टाकला ते बाजारात चाललं नाही, आणि जे साधं, कष्टाळू विमान केलं त्याने कंपनीला पोसलं. वाल पोसणारं, डो एक्स खर्चिक. नंतर डो-२७ पोसणारं, डो-३१ खर्चिक. नंतर २२८ आणि ७२८ चं तेच (ही सगळी पुढची विमानं, ओघात येतील). ७२८ ने तर कंपनीच घेतली.

सांजवारा

माफ करा, पण या धाग्यात १९३३ ते ४५ बद्दल अजून एक शब्द नाही आलेला आणि तो यायला हवा. विमानाचं कौतुक करताना ते कशासाठी वापरलं हे सुटता कामा नये.

डो-१७, ज्याला सडपातळ बांध्यामुळे 'उडती पेन्सिल' म्हणायचे, ते स्पेनच्या यादवीत वापरलं. १९३७ मध्ये गेर्निका गावावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानांत हेही होतं. १९४० मध्ये लंडनवर हेच. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिश वैमानिक रे होम्सने गोळ्या संपल्यावर आपलं विमान एका डो-१७ वर घातलं आणि ते व्हिक्टोरिया स्टेशनजवळ पडलं. आणि डॉर्नियरच्या कारखान्यांत युद्धकाळात पकडून आणलेले मजूर राबवले गेले, हेही लिहायला पाहिजे. माझ्यासाठी ही कंपनीची गोष्ट त्याशिवाय पूर्ण होत नाही.

तळ्याकाठी

सांजवारा, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि मीच आधी लिहायला हवं होतं. झेपेलिन आणि डॉर्नियरचे कारखाने इथेच असल्यामुळे फ्रिडरिक्सहाफेनवर वारंवार बॉम्बहल्ले झाले, एप्रिल १९४४ मध्ये जुनं गाव जवळजवळ संपलं. आज गावात फिरताना जुनी घरं दिसतच नाहीत, सगळं पन्नाशीनंतरचं बांधकाम.

त्या काळातलं एक विमान तांत्रिकदृष्ट्या सांगण्यासारखं, डो-३३५. एक इंजिन नाकात, एक शेपटीत, म्हणजे वालचीच जुनी कल्पना लढाऊ विमानात. मागच्या पंख्यात वैमानिक अडकू नये म्हणून उडी मारताना सीटच बाहेर फेकायची सोय. थोडीच बनली, एकच उरलंय आणि ते अमेरिकेत स्मिथसोनियन म्युझियमकडे आहे.

माग_आणि_धोटा

मी इचलकरंजीचा. धाग्याचं नाव बघून मला वाटलं लूमबद्दल आहे! आमच्याकडे डॉर्नियर म्हटलं की कोणाच्या डोक्यात विमान येत नाही, रेपियर लूम येतो. जर्मन मशीन, भारी किंमत, पण कापड असं काढतं की हात फिरवून बघावं. साध्या मागावर धोटा इकडून तिकडे फेकला जातो, खटाखट आवाज, कान बसतात. याच्यात धोटा नाही. दोन बाजूंनी दोन ताठ दांडे आत येतात, एक दांडा बाण्याचा धागा मध्यापर्यंत आणतो आणि दुसऱ्याच्या हातात देतो, हातात दिल्यासारखाच देतो, सोडून देत नाही, त्यामुळे नाजूक धागासुद्धा तुटत नाही. आमचा जुना जॉबर (माग लावून देणारा कारागीर) म्हणायचा या मशीनचं सेटिंग एकदा नीट बसवलं की मग त्याच्या वाटेला जायचं नाही. ही तीच कंपनी का?

तळ्याकाठी

दादा, तुमच्या प्रतिसादाने फार आनंद झाला. हो, तेच घराणं! युद्धानंतर जर्मनीला १९५५ पर्यंत विमानं बांधायला बंदी होती. मग हातात कसब असलेली माणसं करणार काय. क्लॉडचा मुलगा पेटर याने १९५० मध्ये लिंडाऊला माग बनवायची कंपनी काढली, लिंडाऊअर डॉर्नियर. ती अजून चालू आहे, अजून घराण्याकडेच आहे. विमानाची कंपनी गेली आणि मागाची राहिली. लिंडाऊला रेल्वेने जाताना मी कारखाना बघितलाय, पण त्यातलं यंत्र इचलकरंजीत चालत असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

विमानाचं म्हणाल तर बंदीच्या काळात क्लॉड स्पेनला गेला, तिथे डो-२५ नावाचं छोटं विमान केलं, त्यातून डो-२७ झालं. सहा जणांचं, वर पंख, शेतातून उडणारं आणि शेतात उतरणारं. युद्धानंतर जर्मनीत मोठ्या संख्येने बनलेलं पहिलं विमान हेच, सहाशेहून जास्त.

आणि मग पुन्हा मोठं स्वप्न, डो-३१. जागच्या जागी सरळ वर उडणारं जेट मालवाहू विमान, १९६७. दोन मोठी इंजिनं आणि पंखांच्या टोकांना आठ छोटी फक्त वर उचलण्यासाठी, म्हणजे दहा इंजिनं. उडालं, व्यवस्थित उडालं, पॅरिसच्या प्रदर्शनात सगळ्यांनी बघितलं, पण एवढं वजन आणि इंधन नुसतं वर उचलायला खर्च व्हायचं की माल न्यायला फारसं उरेना. १९७० मध्ये बंद. क्लॉड त्याआधीच, डिसेंबर १९६९ मध्ये वारला.

डॉ_वैद्य

यादीत अजून एक घाला. आम्हा युरॉलॉजीवाल्यांना डॉर्नियर हे नाव मुतखड्यामुळे माहीत आहे. वेगवान विमानांवर पावसाच्या थेंबांचा मारा होऊन पृष्ठभागाला काय होतं याचा अभ्यास कंपनीत चालू होता, त्यातून शॉकवेव्हचं काम सुरू झालं. पाण्यात ठिणगी पाडायची, तिची लहर लंबगोल भांड्यातून एका बिंदूवर आणायची, आणि तो बिंदू खड्यावर. ७ फेब्रुवारी १९८० ला म्युनिकमध्ये पहिल्या पेशंटवर हे केलं, न कापता खडा फोडला. सुरुवातीच्या मशीनमध्ये पेशंटला चक्क पाण्याच्या टबमध्ये बसवायचे, कारण लहर हवेतून नीट जात नाही, पाण्यातून शरीरात मात्र सहज शिरते. त्याआधी मोठ्या खड्याला कमरेत लांब चीर घेऊन ऑपरेशन, आणि आठवडाभर तरी हॉस्पिटल. किती लोकांचं दुखणं या एका शोधाने कमी केलं असेल! विमान कंपनीने केलेल्या कामांत मी हे सगळ्यात वर ठेवीन.

अनघा_कोथरूड

हे अजिबात माहीत नव्हतं डॉक्टर. माझ्या बाबांचा खडा असाच फोडला होता, दुपारी घरी आले होते. 🙏

नभांगण

आता भारताचं लिहितो, मी या क्षेत्रात काम केलंय म्हणून.

आपल्याकडचं ते छोटं विमान म्हणजे डॉर्नियर २२८. ते पहिल्यांदा उडालं मार्च १९८१ मध्ये. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे पंख. त्यांनी नव्या आकाराचा पंख आधी वेगळा करून जुन्या विमानावर लावून तपासला, मग त्याच्याभोवती २२८ बांधलं. टोकाकडे तिरका कापल्यासारखा, लांबूनही ओळखू येतो. धड मात्र साधा चौकोनी डबा, कारण डब्यात सीट, स्ट्रेचर, खोकी, काहीही नीट बसतं. १९ प्रवासी.

१९८३ मध्ये एचएएलशी (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) करार झाला आणि कानपूरला ते बनायला लागलं. वायुदूत या त्यावेळच्या सरकारी विमान कंपनीला छोट्या शहरांसाठी हवं होतं, तटरक्षक दलाला आणि नौदलाला किनाऱ्यासाठी. आतापर्यंत सव्वाशेहून जास्त कानपूरला बनलीत. दमणला तटरक्षक दलाची, गोव्यात दाबोळीला नौदलाची ३१० स्क्वाड्रन. पोटाखाली रडार, आणि मागचा दरवाजा उडताना उघडतो, त्यातून लाइफराफ्ट टाकता येतो. उघड्या दरवाजाशी बेल्ट लावून बसलेला माणूस आणि खाली नुसतं पाणी, वारा एवढा की बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही, सगळं हाताच्या खुणांनी. तासन् तास खाली नजर लावून बसायचं, आणि एखादा नारिंगी ठिपका दिसला की पोटात गोळा येतो.

किंमतही मोजली आहे आपण. सप्टेंबर १९८९ मध्ये पुण्याहून हैदराबादला निघालेलं वायुदूतचं डॉर्नियर इंदापूरजवळ उजनीच्या पाण्यात कोसळलं. मार्च २०१५ मध्ये नौदलाचं एक गोव्याच्या समुद्रात गेलं, त्यात लेफ्टनंट किरण शेखावत होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये तटरक्षक दलाचं एक चेन्नईजवळ. या माणसांची आठवण या धाग्यात असायला हवी.

दर्यासारंग_७२

आम्ही देवगडकडचे, ट्रॉलर आहे. कंपनीचा इतिहास आज वाचला पण विमान चांगलं ओळखतो. वादळाचा इशारा असला की ते खूप खाली येतं, बोटीवरून एक घिरटी घेतं आणि व्हीएचएफवर (बोटीवरचा रेडिओ) सोळा नंबरला सांगतात, हवामान खराब होणार आहे, जवळच्या बंदरात जा. मोबाइलला रेंज नसते तिथे, आत साठ सत्तर किलोमीटरवर काय कळणार. एकदा आमचा तांडेल (बोटीचा प्रमुख) म्हणत होता अजून एक जाळं टाकू, तेवढ्यात ते आलं आणि एवढं खालून गेलं की पंखाच्या टोकावरचा दिवा दिसला. जाळं ओढलं आणि निघालो. रात्री जो वारा सुटला तो मी विसरणार नाही.

यंत्रवेडा

दर्यासारंग काका, नभांगण, दोघांचेही प्रतिसाद फार मोलाचे. तळ्याकाठी, शेवट सांगा ना, कंपनी बुडाली कशी?

तळ्याकाठी

काका, तुमचा प्रतिसाद इथल्या माझ्या जर्मन सहकाऱ्याला भाषांतर करून ऐकवला, तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या वडिलांनी २२८ वर काम केलं होतं.

शेवट असा. क्लॉडनंतर वारसांमध्ये वाटणी आणि भांडणं, १९८५ मध्ये डायम्लर-बेंझने मोठा हिस्सा घेतला. १९९१ मध्ये ३२८ उडालं, तीस-बत्तीस सीटचं, वेगवान, चांगलं, पण महाग. १९९६ मध्ये डायम्लरने विमानाचा भाग अमेरिकन फेअरचाइल्डला दिला. त्यांनी ७२८ नावाचं मोठं जेट काढलं, ७० च्या वर सीट. मार्च २००२ मध्ये थाटात लोकांसमोर आणलं, आणि पुढच्याच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज. ७२८ एकदाही उडालं नाही. हजारो माणसांचं काम होतं त्यात, इथे अजून लोक त्याबद्दल हळू आवाजात बोलतात.

आणि २२८? ते रुआग या स्विस कंपनीकडे गेलं, त्यांनी नवीन आवृत्ती काढली, पाच पात्यांचे पंखे, नवीन कॉकपिट. आणि तिचं धड, पंख, शेपटी कुठे बनायची? कानपूरला! तिथून जर्मनीत ओबरफाफनहोफेनला यायची आणि तिथे जोडली जायची. ज्यांनी शिकवलं त्यांनाच आपण भाग पाठवत होतो. आता तो व्यवसाय जनरल ॲटॉमिक्सकडे आहे. आपल्याकडे एप्रिल २०२२ पासून अलायन्स एअरने कानपूरचं विमान दिब्रुगड ते पासीघाट प्रवाशांसाठी सुरू केलं. ३२८ ची चाळीस सीटची नवी आवृत्ती डॉइचे एअरक्राफ्ट करतेय, त्याचं मागचं धड बनवायचं काम बंगळुरूच्या डायनामॅटिककडे.

अनघा_कोथरूड

दादा, पुढच्या जूनमध्ये आम्ही म्युनिकला येतोय, मुलगा दहा वर्षांचा आहे, विमानवेडा. म्युझियम जमेल का एका दिवसात?

तळ्याकाठी

आरामात जमेल ताई. म्युनिकहून रेल्वेने लिंडाऊपर्यंत या, तिथून तळ्याच्या काठाने फ्रिडरिक्सहाफेन. म्युझियम तिथल्या विमानतळाला लागूनच आहे. मुलाला आधी बाहेर उभं असलेलं डो-३१ दाखवा, पंखांच्या टोकांच्या पिंपांतली चार-चार इंजिनं त्याला मोजू द्या. मग आत वाल. आणि लिंडाऊ सोडल्यावर गाडीत डाव्या बाजूला बसा, तळं त्या बाजूला आहे, पलीकडच्या काठावर स्वित्झर्लंड, तिथेच आल्टेनराईन. मला एक दिवस आधी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी स्टेशनवर येतो.